थकलेल्या मेंदूचा अंगठा कुणाच्या कागदावर?

यवतमाळ जिल्ह्यातील कोणत्याही तहसील कार्यालयासमोर सकाळी अकराच्या सुमारास तासभर उभे राहून पाहावे. स्टॅम्प विकणाऱ्याच्या टेबलाभोवती, कडुनिंबाच्या सावलीत, ओट्यावर म्हातारी माणसे बसलेली दिसतात. कुणाला श्रावणबाळचे पैसे का थांबले ते विचारायचे असते, कुणाला हयातीचा दाखला द्यायचा असतो. कुणाला मुलाने किंवा पुतण्याने नुसतेच 'सही करायला' आणलेले असते. कोणत्या कागदावर सही करायची, हे त्या म्हाताऱ्याला शेवटपर्यंत ठाऊक नसते. ज्याने आणले त्याला मात्र सगळे ठाऊक असते.

अशाच एका ओट्यावर आम्हाला सत्तरी ओलांडलेली एक माय भेटली. तालुक्याचे नाव आम्ही मुद्दाम देत नाही. मुलगा कर्जापायी गेला, सून माहेरी गेली, तीन एकर कोरडवाहू तिच्या नावावर राहिले. पेरणीसाठी तिने गावातल्या एकाकडून पैसे घेतले आणि 'लिहून' दिले. आम्ही कागद वाचला तर ते गहाणखत नव्हते, सरळ खरेदीखत होते. जमीन विकल्याचा कागद! तिला विचारले, तर म्हणाली, "मले काय समजते भाऊ, थो म्हणे अंगठा लाव, म्या लावला. पैसे देले का कागद वापस भेटते म्हणे."

ही माय खुळी नव्हती. गेल्या वर्षी कापसाला काय भाव लागला, खेडा खरेदीवाल्याने किती कापला, कोणत्या दुकानदाराने बियाणे उधार दिले, हे सारे तिने एका दमात सांगितले. मग तिने अंगठा का लावला? अडाणी होती म्हणून, असे उत्तर आपण चटकन देतो आणि मोकळे होतो. ते उत्तर अर्धेच आहे. उरलेले अर्धे म्हातारपणात आहे, म्हाताऱ्या मेंदूत आहे, आणि त्या मेंदूला आयुष्यभर काय मिळाले नाही त्यात आहे. या जिल्ह्याच्या कर्जबाजारीपणावर ढीगभर लिहिले गेले. समित्या आल्या, पॅकेजे आली, मंत्री येऊन गेले. शेतकरी गेला तर एक लाखाची मदत मिळते, त्यातले सत्तर हजार ठेवीत अडकवून ठेवतात. पण मुलगा गेल्यावर सातबारा, कर्ज आणि अंगठा पुन्हा त्याच्या म्हाताऱ्या आईबापांकडे येतो, याची मोजदाद कुणी केली नाही. ज्या वयात हिशेबातून सुटायचे, त्या वयात हिशेब पुन्हा मानेवर बसतो.

विज्ञान काय सांगते ते आधी पाहू. चाळिशीनंतर माणसाच्या मेंदूचे आकारमान हळूहळू घटत जाते. सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त झीज होते ती कपाळामागच्या भागाची. योजना करणे, दोन गोष्टी एकदम ध्यानात धरून त्यांची तुलना करणे, मोहाला 'थांब' म्हणणे, ही कामे हा भाग करतो. आयुष्यभर साठवलेले ज्ञान, शब्द, अनुभव, माणसांची पारख मात्र बराच काळ टिकून राहते, काही बाबतीत वाढतेही. म्हणून म्हातारा गप्पांत पक्का दिसतो. कापसाचा भाव ही जुनी वाट आहे, तिथे तो चुकत नाही. नवा कागद, नवे व्याज, नवी योजना, घाईत विचारलेला प्रश्न आला की तो अडखळतो. आणि पैशाचा निर्णय नेमका असाच येतो, नवा आणि घाईचा.

दुसरी गोष्ट विश्वासाची. अमेरिकेत शेली टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. लबाड वाटणारे चेहरे दाखवले तेव्हा तरुणांच्या मेंदूतला इन्सुला नावाचा भाग सावध होत होता. आपण ज्याला 'मनात चर्र झाले' म्हणतो, त्याच्याशी या भागाचा संबंध आहे. वृद्धांमध्ये तो भाग तितका जागा झाला नाही, आणि त्यांना ते लबाड चेहरे अधिक विश्वासू वाटले. म्हातारा माणूस भोळा होतो असे आपल्याकडे म्हणतात. त्या भोळेपणाला शरीरातला आधार असू शकतो, एवढेच यातून घ्यावे.

२००९ साली सुमित अग्रवाल आणि इतर अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतील कर्जव्यवहार तपासले. कर्जावर जास्त व्याज भरणे, नाहक दंड भरणे अशा चुका सर्वांत कमी कोणत्या वयात होतात? उत्तर आले, सुमारे ५३ व्या वर्षी. त्याआधी अनुभव कमी, त्यानंतर धार कमी. हा हिशेब अर्थातच बँकेत खाते असलेल्या, शिकलेल्या अमेरिकनांचा. आमच्याकडे ५३ व्या वर्षी शेतमजुराची कंबर वाकलेली असते, डोळ्यात मोतीबिंदू उतरू लागलेला असतो. आणखी एका अभ्यासात, २०१७ मध्ये, असे दिसले की साठीनंतर पैशाच्या व्यवहाराचे ज्ञान वर्षागणिक उतरत जाते, पण 'मला सगळे कळते' हा आत्मविश्वास मात्र उतरत नाही. घरोघरीच्या भांडणांचे मूळ इथे आहे. बाप म्हणतो, मला शिकवू नको. पोरगा म्हणतो, तुला कळत नाही. दोघेही आपापल्या जागी खरे असतात!

यापुढची पायरी स्मृतिभ्रंशाची. हा आजार पैशात फार आधी दिसू लागतो. अमेरिकेतल्याच एका मोठ्या अभ्यासात, डॉक्टरने निदान करण्याच्या सहा वर्षे आधीपासून अशा वृद्धांचे हप्ते चुकू लागल्याचे आढळले. कमी शिकलेल्यांत तर ही लक्षणे आणखी आधी दिसली. आपल्या गावात क्रेडिट कार्ड नाही, पण खुणा त्याच आहेत. किराणावाल्याची उधारी दोनदा देणे, पगाराचे पैसे काढून आणून कुठे ठेवले ते विसरणे, पन्नासची नोट समजून पाचशेची देणे, एकाच नातवाला एकाच दिवशी तीनदा पैसे देणे. आपण हसतो. 'बुढा सटकला' म्हणतो. त्याच दिवसांत गावातला एखादा चतुर माणूस ती खूण ओळखतो आणि कागद तयार करतो.

आता आमच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. सगळे मेंदू सारखेच म्हातारे होतात काय? नाही. भारतात झालेल्या लासी-डॅड या पाहणीवरून २०२३ साली असा अंदाज प्रसिद्ध झाला की साठीवरील लोकांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे देशात सुमारे ८८ लाख माणसे. त्यात पुरुषांपेक्षा स्त्रियांत जास्त, शहरापेक्षा खेड्यात जास्त, शिकलेल्यांपेक्षा न शिकलेल्यांत जास्त. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी १४ कारणे सांगितली. त्यात बालपणी न मिळालेले शिक्षण आहे. कमी ऐकू येणे, नजर जाणे, रक्तदाब, मधुमेह, एकटेपण हीही आहेत. लहानपणी शाळेत गेलेल्या मेंदूला उतारवयासाठी काही शिल्लक साठवता येते. म्हातारपणी झीज झाली तरी तो त्या शिल्लकीवर काही वर्षे चालतो. ज्याला शाळाच मिळाली नाही त्याच्या खात्यात ही शिल्लक नाही.

आता १९६१ ची जनगणना उघडा. त्या वर्षी देशातल्या अनुसूचित जातींमध्ये साक्षरता १०.२७ टक्के होती. स्त्रियांत ती ३.२९ टक्के होती. शंभरात तीन! त्या वर्षी दहा वर्षांची असलेली मुलगी आज पंचाहत्तरीच्या घरात आहे. तीच ओट्यावर बसलेली माय आहे. तिला शाळेपासून दूर ठेवणाऱ्या व्यवस्थेने तिचे बालपण आणि तिची मजुरी तर घेतलीच, तिच्या म्हातारपणाचा मेंदूही आधीच गहाण ठेवून घेतला. हे आम्ही भावनेच्या भरात लिहीत नाही, वैद्यकशास्त्राच्या आधाराने लिहीत आहोत. जातिव्यवस्थेचे नुकसान मोजताना आपण जमीन मोजतो, नोकऱ्या मोजतो, अत्याचार मोजतो. पंचाहत्तराव्या वर्षी एका निरक्षर बाईला खरेदीखत आणि गहाणखत यातला फरक का कळला नाही, हेही त्याच खात्यात मोजले पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

यात दारिद्र्य मिसळले की काय होते? तामिळनाडूतील ऊस शेतकऱ्यांवर आनंदी मणी, सेंधिल मुल्लईनाथन आणि सहकाऱ्यांनी अभ्यास केला, तो २०१३ मध्ये 'सायन्स'मध्ये आला. ४६४ शेतकरी. ऊस तोडणीआधी, म्हणजे हात रिकामा असताना, आणि तोडणीनंतर, पैसा आल्यावर, त्याच माणसांची बुद्धीची चाचणी घेतली. माणूस तोच, पण तोडणीआधी गुण कमी आणि नंतर जास्त. पैशाची चिंता मेंदूची जागा खाते, तिथे दुसऱ्या विचाराला जागा उरत नाही. या अभ्यासावर तज्ज्ञांत वाद झाले, ते होऊ द्यावेत. यवतमाळच्या माणसाला यात नवे काहीच वाटणार नाही. दारव्हा, घाटंजी, राळेगाव, केळापूर, कुठेही जा. मृग लागला की घरात दाणा नाही, बियाण्याला पैसा नाही, पोराच्या शाळेची फी उभी. सावकार याच वेळी येतो, दिवाळीत येत नाही. कापूस विकून हातात चार पैसे असताना माणूस कागद नीट वाचतो, दुसऱ्याला वाचायला लावतो. जून महिन्यात, वय बहात्तर, कान बहिरे, मुलगा गेलेला, अशा वेळी कोण काय वाचणार?

पण हा प्रश्न केवळ निरक्षर मायबापांचा आहे असे समजून शिकलेल्यांनी निवांत होऊ नये. आमच्याच घरातली गोष्ट सांगतो. आमचे मामा एका सरकारी खात्यात शिपाई म्हणून लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. आपल्या समाजात नोकरीची पहिली पिढी. चाळीस वर्षांत कुणाचा रुपया बुडवला नाही, कुणाला बुडवू दिला नाही. निवृत्तीचे पैसे आले तेव्हा एक एजंट घरी आला. दारातूनच "जयभीम मामा" म्हणाला. विहारात येणारा, वर्गणी गोळा करणारा, ओळखीतला पोरगा. दुप्पट पैशाची योजना सांगितली, उद्या शेवटची तारीख म्हणाला. मामांनी कागद न वाचता सही केली आणि सगळी पुंजी एकाच ठिकाणी टाकली. आम्ही नंतर विचारले तर चिडले. "आपला माणूस आहे," एवढेच म्हणाले. पैसा गेला. तो पोरगाही बहुधा फसलेलाच होता, त्यानेही स्वतःच्या आईचे पैसे त्यात टाकले होते. शोषक नेहमी दुसऱ्या गल्लीतून येतो अशी आपली एक सोयीची समजूत आहे. कमिशनवर काम करणाऱ्यांना मात्र जयभीम फार लवकर म्हणता येतो.

मामा एकटे नव्हते. पर्ल्स म्हणजे पीएसीएल या कंपनीने जमिनीच्या नावाखाली गावोगावच्या कोट्यवधी लोकांकडून पैसे गोळा केले होते. सेबीने ऑगस्ट २०१४ मध्ये ४९ हजार कोटींहून अधिक रक्कम परत करण्याचा आदेश दिला आणि २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यासाठी निवृत्त सरन्यायाधीश लोढा यांची समिती नेमली. पावती सांभाळून ठेवलेले म्हातारे आजही गावोगाव आहेत.

आणि अधिकृत बँकेचे काय? यवतमाळकरांना ते वेगळे सांगायला नको. बाबाजी दाते महिला सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२१ मध्ये निर्बंध घातले आणि खातेदाराला पाच हजारांपेक्षा जास्त रक्कम काढता येईना. नोव्हेंबर २०२२ मध्ये परवानाच रद्द झाला. ठेव विमा महामंडळाने तोवर २९४ कोटींहून अधिक रक्कम ठेवीदारांना दिली होती. बँकेच्या माहितीनुसार ७९ टक्के ठेवीदारांना पूर्ण पैसे मिळणार होते. उरलेले २१ टक्के कोण? विम्याची मर्यादा पाच लाख. फेब्रुवारी २०२० पूर्वी तर ती एकच लाख होती. पाच लाखांच्या वर पैसा एकाच बँकेत कोण ठेवतो? व्यापारी ठेवतो. आणि ज्याने आयुष्याची ग्रॅच्युइटी, फंड सगळे एका दमात 'जवळची शाखा आहे, ओळखीचे लोक आहेत, अर्धा टक्का जास्त आहे' म्हणून नेऊन टाकले, तो निवृत्त माणूस ठेवतो. हा हिशेब तरुणपणी करता येतो, तेव्हा पैसे नसतात. पैसे येतात साठाव्या वर्षी.

एक गोष्ट तर शिकलेल्यांनाही ठाऊक नसते. हा पाच लाखांचा विमा बँकेतील ठेवीला असतो, पतसंस्थेतील ठेवीला नसतो. पाटीवर 'सहकारी' लिहिले आहे, काउंटर आहे, पासबुक आहे, म्हणून ती बँक होत नाही. रुपयाच्या प्रश्नावर १९२३ साली ग्रंथ लिहिणाऱ्या बाबासाहेबांचे आपण अनुयायी. आपल्या घरातल्या म्हाताऱ्याचा रुपया बँकेत आहे की पतसंस्थेत, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे?

कायदा या प्रश्नाला अगदीच आंधळा नाही. १८७२ च्या करार कायद्याचे कलम १६ गैरवाजवी प्रभावाबद्दल आहे. वय, आजार किंवा मानसिक-शारीरिक त्रास यांमुळे ज्याची मानसिक क्षमता कमी झाली आहे, अशा माणसाशी करार करणारा आपला प्रभाव वापरू शकतो, हे त्यात मान्य केले आहे. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वीच्या कायद्याला जे कळले ते आपल्या नोंदणी कार्यालयाला अजून कळायचे आहे. महाराष्ट्राचा सावकारी नियमनाचा २०१४ चा कायदा तर या जिल्ह्याच्या फार उपयोगाचा. विनापरवाना सावकाराने कर्जाच्या तारणापोटी जमीन खरेदीखताने लिहून घेतली असेल, तर अर्जाच्या आधीच्या १५ वर्षांतील व्यवहार जिल्हा निबंधक तपासू शकतो, आणि तो सावकारीचाच व्यवहार ठरला तर जमीन परत करण्याचा आदेश देऊ शकतो. हा अर्ज जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे द्यायचा असतो, वकील लागतोच असे नाही. कार्यकर्त्यांनी एवढे तरी पाठ करावे. मोर्चाचे निवेदन लिहिता येते, मग हा अर्जही लिहिता येईल.

मुलांच्या नावावर बक्षीसपत्र करून देणाऱ्या आईबापांसाठी २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे. सांभाळ करण्याच्या अटीवर जमीन-घर दिले आणि मुलाने सांभाळले नाही, तर कलम २३ नुसार उपविभागीय अधिकाऱ्याचे न्यायाधिकरण ते बक्षीसपत्र रद्द करू शकते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये उर्मिला दीक्षित खटल्यात या कायद्याचा अर्थ आईबापांच्या बाजूने उदारपणे लावायला सांगितले आहे. पण सांभाळाची ती अट कागदावर असावी. तोंडी अट कोर्टात सिद्ध करताना माणूस मरून जातो.

इथे एक इशाराही दिला पाहिजे. 'म्हातारीला आता काही कळत नाही' हे वाक्य फार धोक्याचे आहे. आम्ही वर लिहिलेले सगळे शास्त्र उद्या एखादा दिवटा पुतण्या आपल्या विधवा काकूच्या विरोधात वापरील. बाईला संपत्तीत वाटा मिळावा म्हणून बाबासाहेब हिंदू कोड बिलासाठी लढले आणि १९५१ मध्ये मंत्रिपद सोडून बाहेर पडले. त्या वाट्यावर मेंदूच्या नावाने दरोडा पडू द्यायचा नाही. वाढते वय हा आजार नाही. पंचाहत्तरीतही स्वच्छ हिशेब करणारी माणसे आहेत, आणि चाळिशीत डोके गहाण टाकलेलीही आहेत. विसरभोळेपणा थायरॉईडमुळे येतो, बी-१२ कमी झाल्याने येतो, आणि तो औषधाने बराही होऊ शकतो. नुसते ऐकू येत नसले तरी माणूस 'हो हो' म्हणत मान हलवतो आणि आपण त्याला खुळ्यात काढतो. आधी कान तपासा, डोळे तपासा, रक्त तपासा. यवतमाळला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. म्हाताऱ्याला तिथे नेण्याचा एक दिवस मोडला तर बिघडत नाही.

निर्णय हिसकावून घेऊ नये, निर्णयाला सोबत द्यावी. विहारात वर्षावासात ग्रंथवाचन होते, तिथेच महिन्यातून एक दिवस कागदवाचन का होऊ नये? ज्याला कुठे सही करायची आहे त्याने कागद घेऊन यावे, शिकलेल्या पोरांनी तो मोठ्याने वाचावा, चार जणांच्या देखत. सही त्या दिवशी करायचीच नाही, दोन दिवसांनी करायची. घाई करणाऱ्याला 'विहारात वाचून घेतो' एवढे सांगितले तरी निम्मे एजंट परत फिरतील. खात्याला वारसाची नोंद आहे का ते पाहावे. बँकमित्राकडे अंगठा एकदाच लावायचा आणि पावती घ्यायची, हे नातवाने आजीला शिकवावे. फोनवर पोलीस असल्याचे सांगून कुणी पैसे मागितले तर फोन ठेवायचा आणि १९३० ला कळवायचे, हेही.

सरकारने काय करावे? महिन्याला दीड हजार देऊन, तोही अंगठा जुळला तर, सरकार आपली जबाबदारी संपली असे मानते. आयुष्यभर निंदण-खुरपण केलेल्या बोटांवरच्या रेषाच पुसल्या गेल्या आहेत, त्या यंत्रात जुळत नाहीत. सावकाराच्या कागदावर मात्र बरोबर उमटतात! आमची मागणी साधी आहे. सत्तरीवरील आणि निरक्षर माणसाच्या जमिनीचे खरेदीखत नोंदवताना दुय्यम निबंधकाने तो कागद त्याच्या बोलीत मोठ्याने वाचून दाखवावा, आणणाऱ्याला खोलीबाहेर काढून 'तू काय विकतो आहेस, किती पैसे मिळाले' हे त्यालाच विचारावे, आणि ते उत्तर चित्रित करून ठेवावे. फोटो तर आजही काढतातच. दोन मिनिटे जास्त लागतील.

ओट्यावरच्या त्या मायचा अर्ज आम्ही तिथेच बसून लिहिला. सावकारी कायद्याखालचा, जिल्हा उपनिबंधकांच्या नावे. वाचून दाखवला, तर तिने मध्येच थांबवून सर्व्हे नंबर दुरुस्त करायला लावला. आमचाच एक आकडा चुकला होता. पोच घेतली, ती तिने पासबुकाच्या पिशवीत घडी करून ठेवली. पुढची तारीख पेरणीच्या हंगामातली आहे.